भिवंडीच्या खडीतलं निकेल

समृद्धी महामार्ग मुंबईच्या बाजूला जिथे संपतो ते आमणे गाव भिवंडी तालुक्यात येतं. आमण्याच्या आसपास कुठेही जमीन थोडी खरवडली की काळा कातळ लागतो. लोनाडची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. तालुक्यातल्या खदानींत हाच दगड सुरुंगानं फोडतात, क्रशरवर त्याची खडी होते, आणि डंपरमागून डंपर ठाण्या-मुंबईकडे रवाना होतात. माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे इथली मैलोगणती पसरलेली गोदामंही याच बेसाल्टवर उभी आहेत.

या दगडाच्या एका टनात साधारण १०० ग्रॅम निकेल असतं. एखाद्या थरात ते निम्मंच भरतं, एखाद्यात दीडपट, पण हिशोबाला १०० ग्रॅम धरायला हरकत नाही. म्हणजे २० टन खडी भरून निघालेल्या डंपरमध्ये दोन किलो निकेल असतं. स्टेनलेस स्टीलला गंजू न देणारं, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीत लागणारं, भारताला जवळजवळ सगळंच परदेशातून आणावं लागणारं निकेल. आणखी थोडं पुढे जाऊ. या दगडाच्या एका घन किलोमीटरमध्ये २ लाख ९० हजार टनांच्या आसपास निकेल निघतं. जगभरच्या सगळ्या खाणी मिळून वर्षाकाठी ३५ ते ४० लाख टन काढतात. तेव्हा तेरा घन किलोमीटर काळा पाषाण म्हणजे साऱ्या जगाची वर्षभराची गरज. आणि दख्खनचा हा लाव्हा आज पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी एका किलोमीटरच्याही वर जाते.

हा हिशोब बरोबर आहे, तरीही त्यातून एक चमचासुद्धा बनणार नाही. टनामागे १०० ग्रॅम मिळवायला उरलेला ९९९ किलो ९०० ग्रॅम दगड दळावा, वितळवावा, विरघळवावा लागेल. खाण परवडायची तर सहसा टनामागे दहा किलोच्या आसपास निकेल हवं, म्हणजे एक टक्का. शंभर ग्रॅमपासून दहा किलोपर्यंतची ही शंभरपट वाढ कोण करतं? माणूस करत नाही. ती निसर्गानं आधीच करून ठेवलेली असते, क्वचित, मोजक्या ठिकाणी, आणि मोजक्याच रीतींनी. महाराष्ट्राची गोष्ट मला अचंब्याची वाटते ती इथे. जगातले सर्वांत गाजलेले निकेलचे साठे ज्या तीन वाटांनी तयार झाले, त्या तिन्ही वाटा महाराष्ट्रातून गेलेल्या आहेत. लाव्ह्याचा महापूर इथे आला. आकाशातून दगड इथे पडला. पावसानं खडक कुजवून त्याची लाल माती इथेही केली. आणि तिन्ही वेळा निकेल हुकलं.

आधी मुळात हे निकेल असतं कुठे ते पाहू. पृथ्वीच्या एकूण वजनात निकेलचा वाटा पावणेदोन टक्क्यांच्या घरात आहे, म्हणजे ते दुर्मीळ मुळीच नाही. पण पृथ्वी अगदी तरुण आणि वितळलेली असताना जड लोखंड केंद्राकडे बुडालं आणि जाताना बहुतेक निकेलही सोबत घेऊन गेलं. आपल्या पायाखाली जवळजवळ २,९०० किलोमीटरवर जो धातूचा गाभा सुरू होतो, त्याचा सुमारे विसावा हिस्सा निकेल आहे. तिथवर कुणाचा हात पोचणार नाही. मागे जे उरलं ते गाभा आणि भूकवच यांच्यामधल्या प्रावरणाच्या खडकांत, विशेषतः ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजात. ऑलिव्हिनला खरं तर मॅग्नेशियम लागतं, पण निकेलच्या आयनाचं आकारमान मॅग्नेशियमच्या इतकं जवळ आहे की स्फटिक घडताना त्याच्या जागी निकेल सहज जाऊन बसतं. प्रावरण वितळून शिलारस वर येतो तेव्हा यातलं थोडं निकेल त्याच्यासोबत वर येतं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास असा शिलारस भेगाभेगांतून उसळला, थरावर थर चढत गेला आणि त्यातून आपला सह्याद्री झाला.

असा लाव्ह्याचा महापूर पृथ्वीवर अनेकदा आला. त्यातला एक सैबेरियात आला, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, जिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, तिथे या सैबेरियन लाव्ह्याच्या कडेला नोरिल्स्क हे शहर आहे. १९३५ पासून कैद्यांच्या श्रमांवर ते उभं राहिलं, आणि त्याच्या खाली जगातल्या सर्वांत श्रीमंत निकेल साठ्यांपैकी एक आहे. निकेलसोबत तांबं, आणि पॅलेडियम तर इतकं की त्या धातूच्या जागतिक बाजाराची नाडी या एका शहराच्या हातात आहे. दगडाची जात आपल्यासारखीच, बेसाल्ट. उगमही तसाच, भूकवच फोडून वर आलेला अफाट शिलारस. मग नोरिल्स्कला जे झालं ते भिवंडीला, इगतपुरीला, महाबळेश्वरला का झालं नाही?

उत्तर गंधकात आहे. शिलारसात गंधक पुरेसं झालं की त्यातून सल्फाइडचे बारीक थेंब वेगळे होऊ लागतात. ताक घुसळताना लोणी वेगळं होतं तसंच. फरक इतकाच की लोणी वर तरंगतं आणि सल्फाइड जड असल्यामुळे तळाशी बुडतं. निकेलला या सल्फाइडची ओढ विलक्षण. शिलारस आणि सल्फाइड शेजारी असतील तर सल्फाइडमध्ये निकेलचं प्रमाण शेकडो पटींनी वाढतं. तांबं आणि प्लॅटिनम गटातले धातूही त्याच्याच मागे जातात. हे थेंब शिलारसाच्या वाहत्या वाटेत एखाद्या खळग्यात, वळणात, रुंद जागी साचले की झाला साठा. शंभरपट वाढ, एका झटक्यात.

पण शिलारस खोलातून येताना जे गंधक आणतो ते यासाठी सहसा पुरत नाही. बाहेरून भर पडावी लागते. सैबेरियात शिलारसाच्या वाटेत जुन्या आटलेल्या समुद्रांचे थर होते. त्यांत जिप्समच्या जातीची, गंधकानं भरलेली खनिजं होती, कोळसाही होता. शिलारसानं ते गिळले, गंधक वाढलं, सल्फाइड सुटलं, आणि निकेल तळाला गेलं. बहुतेक भूवैज्ञानिक नोरिल्स्कची कथा अशीच सांगतात.

या कथेचा पुरावा कुठे मिळाला हे मला साठ्याहूनही अद्भुत वाटतं. नोरिल्स्कच्या परिसरात लाव्ह्याचे जे थर आहेत त्यातल्या नादेझ्दिन्स्की नावाच्या थरांतून निकेल आणि तांबं जवळजवळ नाहीसंच झालं आहे. असायला हवं होतं त्याचा मोठा भाग गायब! कारण हाच लाव्हा वर येण्याआधी खाली आपलं निकेल सल्फाइडच्या हवाली करून आला. म्हणून निकेल शोधणारा भूवैज्ञानिक लाव्ह्यात निकेल शोधत नाही. निकेल हरवलेला लाव्हा शोधतो. वर जे नाही, ते खाली कुठेतरी ठेवलेलं आहे.

हीच चाचणी दख्खनच्या लाव्ह्यावर झाली आहे. रीड कीझ आणि पीटर लाइटफूट या दोन भूवैज्ञानिकांनी सैबेरियाचे आणि दख्खनचे बेसाल्ट शेजारी ठेवून त्यांतलं निकेल, तांबं, प्लॅटिनम, पॅलेडियम मोजलं आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मराठी वाचकानं हा शोधनिबंध नुसता चाळला तरी त्याला हरखून जायला होईल, कारण त्यातल्या थरांची नावं आपल्या गावांची आहेत. दख्खनच्या लाव्ह्याची खालून वर जी उतरंड भूवैज्ञानिक लावतात ती अशी: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ऑस्ट्रेलियातला किंवा कॅनडातला संशोधकही हीच नावं घेतो. माथेरानची गाडी जिथून सुटते ते नेरळ आणि ज्या घाटात जीव मुठीत धरून बसायचं तो आंबेनळी, ही पृथ्वीच्या इतिहासाच्या एका पर्वातल्या प्रकरणांची नावं झाली आहेत.

यात बुशे थराचं प्रकरण कळीचं आहे. या थराच्या शिलारसानं वर येताना भूकवचाचे खडक भरपूर वितळवून आपल्यात घेतले. म्हणजे नोरिल्स्कची अर्धी अट पुरी झाली. मग त्यातलं निकेल हरवलं का? नाही. जागच्या जागी आहे. कारण त्यानं जो खडक गिळला तो ग्रॅनाइटच्या जातीचा, ज्यात गंधक नावापुरतंच. खाली काय आहे हे आपण आता भोकं पाडूनही पाहिलं आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला विंधनविवर घेतलं तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर गाळाचा जेमतेम आठ मीटरचा थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा नाईस खडक. कोयना भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विवर खणलं, तिथे बेसाल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली, आणि खाली पुन्हा तोच ग्रॅनाइट-नाईस. ना आटलेला समुद्र, ना जिप्सम, ना कोळसा. सह्याद्रीचा शिलारस गंधकाविना भुकेला राहिला. त्यामुळे त्यातलं निकेल कुठे एकवटलं नाही. ते साऱ्या दख्खनभर सारखं वाटलं गेलं, भिवंडीच्या खडीपर्यंत.

आता दुसरी वाट, आकाशातली. त्यासाठी आमण्याहून समृद्धीवर चढायचं, इगतपुरीचा बोगदा ओलांडायचा, आणि बुलढाणा जिल्ह्यात मेहकरजवळ उतरून लोणार गाठायचं. साधारण पावणेदोन ते दोन किलोमीटर रुंदीचं हे जवळजवळ वाटोळं विवर अशनीच्या आघातानं झालं, आणि तेही बेसाल्टमध्ये. ही गोष्ट दुर्मीळ आहे. चंद्रावर आणि मंगळावर अशी विवरं असंख्य आहेत, पृथ्वीवर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतही लोणारइतकं नीट टिकलेलं दुसरं मिळणं कठीण. म्हणून जगभरचे ग्रहशास्त्रज्ञ इथे येतात. आर्गॉनच्या पद्धतीनं त्याचं वय पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास निघतं.

लोणारच्या काठावरच्या मातीत मिलिमीटरहूनही लहान काचेचे गोल कण सापडतात. आघाताच्या उष्णतेनं वितळलेला दगड हवेत उडाला आणि पडता पडता थिजला, ते हे कण. त्यांचं रासायनिक विश्लेषण केलं तेव्हा आसपासच्या बेसाल्टपेक्षा त्यांत निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम कितीतरी जास्त भरलं. हे जास्तीचं निकेल दख्खनचं नाही. ते आलेल्या पाहुण्याचं आहे. अशनींत निकेल भरपूर असतं, आणि ज्या वेळी पृथ्वीचं निकेल गाभ्यात बुडत होतं त्या वेळी हे अशनी कुठल्याच मोठ्या ग्रहाचा भाग नव्हते, म्हणून त्यांच्यातलं निकेल तसंच राहिलं. बुलढाण्याच्या मातीतल्या या काचकणात सूर्यमालेच्या जन्मावेळचं निकेल आहे.

कॅनडात सडबरीला हीच घटना राक्षसी आकारात घडली. १८५ कोटी वर्षांपूर्वी तिथे इतका मोठा अशनी आदळला की मूळ विवर दीडशे किलोमीटरहून अधिक रुंद असावं. भूकवच काही किलोमीटरच्या जाडीनं वितळलं, वितळलेल्या खडकाचं तळं झालं, आणि ते थंड होताना त्यातून सल्फाइड वेगळं होऊन तळाशी बसलं. तिथलं बहुतेक निकेल अशनीनं आणलेलं नाही, ते स्थानिक खडकांचंच आहे. अशनीनं फक्त वितळवण्याचं काम केलं. १८८३ मध्ये कॅनडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग कापताना कामगारांना हे खनिज दिसलं आणि पुढची कित्येक दशकं जगाचं बहुतेक निकेल सडबरीतून येत राहिलं. लोणारचा दगड त्यामानानं खड्याएवढा. त्यानं वितळवलेलं द्रव्य काचकणांत आणि थोड्याशा दगडांत संपलं. तळं साचून सल्फाइड बसायला लागणारी हजारो वर्षांची धग त्याच्यापाशी नव्हती.

तिसरी वाट पावसाची. कोकणातल्या माणसाला जांभा वेगळा समजावून सांगायला नको. उष्ण हवा, धो धो पाऊस आणि लाखो वर्षांचा काळ मिळाला की खडक कुजतो. विरघळणारं ते वाहून जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं, आणि तयार होतो लाल जांभा. सह्याद्रीच्या माथ्यावर हीच क्रिया पुढे गेली तिथे बॉक्साइट झालं; कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत. जगात आज निघणारं बहुतेक निकेल याच जातीच्या लाल मातीतून येतं. इंडोनेशिया एकटा अर्ध्याहून अधिक पुरवतो, त्यानंतर फिलिपीन्स. फ्रेंच अमलाखालच्या न्यू कॅलेडोनिया बेटावर एकोणिसाव्या शतकातच निकेलच्या खाणी सुरू झाल्या होत्या.

मग आपल्या जांभ्यात का नाही? कारण कुजलेला खडक वेगळा होता. आपला जांभा बेसाल्टचा, टनामागे १०० ग्रॅमवाला. इंडोनेशिया आणि न्यू कॅलेडोनियात कुजला तो थेट प्रावरणाचा खडकच, जो भूपट्टांच्या टकरीत समुद्रतळाखालून उचलला जाऊन जमिनीवर आला होता. ऑलिव्हिननं ठासून भरलेल्या त्या खडकात सुरुवातीलाच टनामागे दोन किलो निकेल असतं. पावसानं मॅग्नेशियम धुऊन नेलं, निकेल थोडं खाली झिरपलं आणि एका पट्ट्यात एक-दोन टक्क्यांपर्यंत साचलं. न्यू कॅलेडोनियाच्या त्या मातीत एक झाड उगवतं, पिक्नान्ड्रा अक्युमिनाटा. साल कापली की निळसर हिरवा चीक पाझरतो, आणि तो सुकवला तर त्याच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा निकेल निघतं. बहुतेक झाडांना विष ठरावं एवढं निकेल हे झाड आपल्या अंगात खेळवतं.

प्रावरणाच्या जातीचा खडक महाराष्ट्रात अजिबातच नाही असं नव्हे. सिंधुदुर्गात कणकवलीच्या परिसरात, वागदे-जानवलीकडे, क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिज आहे. भंडारा जिल्ह्यातही आहे. क्रोमाइट जिथे असतं तिथे ऑलिव्हिननं भरलेल्या खडकाची सोबत असते, आणि वर जांभा असेल तर निकेलसाठी तिथे नजर टाकावीच लागते. पण हे खडक लहान तुकड्यांत आहेत. भारतातलं मोठं उदाहरण ओडिशातल्या सुकिंद्याचं. नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोच्या नोंदीनुसार देशात निकेलयुक्त खनिज १८ कोटी ९० लाख टन आहे आणि त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक एकट्या ओडिशात. सुकिंद्यात क्रोमाइट काढण्यासाठी वरची लाल-पिवळी माती खरवडून बाजूला ढीग लावतात, आणि त्या टाकलेल्या मातीतच अर्ध्या टक्क्याच्या पुढे निकेल असतं. पण ते स्वतंत्र खनिजाच्या कणांत नाही, लोहखनिजाच्या स्फटिकात शिरून बसलं आहे, म्हणून चाळून, धुऊन, तरंगवून ते वेगळं होत नाही. आम्लात किंवा भट्टीतच न्यावं लागतं. आजवर भारतात एकही निकेलची खाण व्यापारी पायावर चाललेली नाही ती यामुळे. गोव्यात कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत निकेल आणि कोबाल्ट शुद्ध करणारा निकोमेटचा कारखाना आहे, जो डिसेंबर २०२१ मध्ये वेदांता कंपनीनं घेतल्याचं जाहीर केलं. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी केली, तिच्यात निकेल आहे.

गरीब किंवा नव्यानं उभ्या राहणाऱ्या प्रदेशांत निकेल सापडलं की पुढे काय होतं हेही इथेच सांगायला हवं. इंडोनेशियानं जानेवारी २०२० पासून कच्च्या खनिजाची निर्यात पूर्ण थांबवली. शुद्ध करायचं असेल तर कारखाना आमच्या देशात घाला, असं बजावलं. कारखाने आले. सुलावेसी बेटावर मोरोवालीला चिनी भांडवलावर अख्खं औद्योगिक शहर उभं राहिलं. सोबत कोळशावर चालणारी वीजकेंद्रं आली, जंगल गेलं, किनाऱ्याचं पाणी लाल झालं, आणि २४ डिसेंबर २०२३ रोजी एका भट्टीतल्या स्फोटानं वीसच्या आसपास कामगारांचा जीव घेतला. स्वच्छ गाड्यांसाठी काढलेल्या धातूचा हा मोबदला तिथले लोक देतात. आपल्याकडे सुकिंद्यात तर निकेल निघण्याआधीच, नुसत्या क्रोमाइटच्या खाणींनी पाण्यात विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम उतरवलं. २००७ मध्ये जगातल्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या एका यादीत सुकिंद्याचं नाव होतं. तिथल्या टाकाऊ मातीतून निकेल काढलं पाहिजे असं माझं मत आहे, नवीन डोंगर फोडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण ढिगाखालचं पाणी आधी स्वच्छ करायची जबाबदारी ज्याला निकेल हवं त्याच्यावरच टाकायला हवी, करारात, पहिल्या ओळीत.

भिवंडीत निकेल आणखी एका रूपात आहे, आणि तिथे ते एकवटलेलं आहे. इथल्या यंत्रमागांवरून उतरलेलं कोरं, म्हणजे ग्रे, कापड प्रोसेस हाउसला जातं, आणि तिथे छपाई रोटरी मशिनवर होत असेल तर कापडावर फिरणारा जाळीदार नळा निकेलचा असतो. कागदासारखा पातळ, जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीचा, सांधा नसलेला, बारीक भोकांनी भरलेला. विजेच्या प्रवाहानं द्रावणातलं निकेल साच्यावर चढवून तो घडवतात. या नळ्याला स्क्रीन म्हणतात; एका रंगाला एक स्क्रीन. साडीवर आठ रंग असतील तर आठ निकेलचे नळे एका ओळीत फिरतात आणि आतून रंग गाळत जातात. खडीत टनाला शंभर ग्रॅम असणारा धातू इथे जवळजवळ शंभर टक्के! वापरून चेपलेली स्क्रीन भंगारात वजनावर जाते, पण लोखंडाच्या भावानं नव्हे. भंगारवाल्याला तिची किंमत पक्की ठाऊक असते. ही किंमत किती उसळू शकते पाहा: ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल काही तासांत टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि तिथला व्यवहारच थांबवावा लागला.

गोदामांतल्या भांड्यांच्या खोक्यांतही निकेल असतं, पण सारखं नाही. थ्री-नॉट-फोर स्टीलमध्ये आठ टक्के निकेल. टू-नॉट-टू किंवा टू-नॉट-वन प्रतीत त्याची बरीच जागा मँगेनीजला दिलेली. आपल्या स्वयंपाकघरातली बरीच स्वस्त भांडी दुसऱ्या जातीची आहेत, कारण भारताकडे मँगेनीज आहे आणि काढता येण्याजोगं निकेल नाही. भूगर्भात ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी गंधक कमी पडलं, त्याचे पडसाद ताट-वाटीच्या भावापर्यंत असे येतात. घरात कुणी जुनी नाणी जपून ठेवली असतील तर १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया काढून त्याला लोहचुंबक लावून पाहा. चिकटेल. तो शुद्ध निकेलचा आहे, आणि लोखंड, कोबाल्ट यांच्यासोबत निकेलही चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या मोजक्या धातूंपैकी आहे. १९७५ नंतरचा तांबं-निकेल मिश्रणाचा रुपया मात्र चुंबकाला दाद देत नाही. एक चतुर्थांश निकेल असूनही तांब्याच्या गर्दीत त्याचं चुंबकत्व हरपतं.

तर महाराष्ट्राच्या जमिनीखालची शक्यता संपली का? मला तसं वाटत नाही. सह्याद्रीखाली गंधक नव्हतं, पण दख्खनचा लाव्हा सगळीकडे ग्रॅनाइटवरच बसलेला नाही. उत्तरेला, नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत आणि सौराष्ट्र-कच्छकडे, बेसाल्टच्या खाली गाळाच्या खडकांचे जाड थर असल्याचं भूभौतिक सर्वेक्षणांतून दिसलं आहे. तेलाच्या शोधात असलेल्यांनी त्यांचा पाठपुरावा केला. निकेलच्या दृष्टीनं प्रश्न असा, की त्या गाळात सैबेरियासारखं गंधक आहे का, आणि शिलारस त्यातून जाताना रेंगाळला का. शिलारसाच्या वाटा तर तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. धुळे-नंदुरबारच्या पठारावर भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या शेकडो भिंती पूर्व-पश्चिम धावतात. काही अनेक किलोमीटर लांब, आजूबाजूचा मऊ खडक झिजल्यामुळे तटबंदीसारख्या उभ्या, गुरं त्यांच्या सावलीत बसतात. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. भिवंडी-कल्याणकडेही डाइक आहेत.

नंदुरबारच्या एखाद्या डाइकचा हातोड्यानं तुकडा काढायचा, पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली ऑलिव्हिनचा दाणा शोधायचा, आणि त्या दाण्यात निकेल मोजायचं. त्याच्या मॅग्नेशियमच्या मानानं ते पुरेसं भरलं, तर तो शिलारस सरळ वर आला असं समजायचं. कमी भरलं, तर तीच डाइक कुठून आली ते शोधत मागे जायचं, आणि तिच्या मुळाशी, तापीच्या गाळाखाली, विंधनविवर कुठे घ्यायचं याची खूण करायची.